आईच्या नाकात 'स्टॅफ' सापडला, पण आजार काहीच नाही. मग प्रतिकारशक्ती करते काय?

केतकीवन

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. विषय आधी येऊन गेला असेल तर सांगा, हा उडवून टाकते.

आई ६८ वर्षांची. उजवा गुडघा पार गेलाय, पुढच्या महिन्यात बदलायचा ठरलंय. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो हे सगळं होणार हे माहीत होतं. पण सिस्टरने कापसाची काडी घेतली, आईच्या दोन्ही नाकपुड्यांतून फिरवली आणि तीन दिवसांनी रिपोर्ट हातात दिला : 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळला'. नाकात लावायचं मलम दिलंय, दिवसातून दोनदा, पाच दिवस. त्याच दिवसांत औषधी साबणाने अंघोळ.

आई तेव्हापासून घुश्शात आहे. "ना सर्दी, ना शिंक, माझ्या नाकात जंतू सापडलेच कसे? अंघोळ केल्याशिवाय चहा घेत नाही मी." तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, दिवसभर तपकीर ओढायचे. त्यांच्या नाकात काडी घातली असती तर काय काय निघालं असतं, यावर काल तासभर भाषण झालं.

डॉक्टर म्हणाले, "कॅरिअर आहेत, काळजी करू नका." बाहेर पन्नास पेशंट ताटकळत होते, पुढे काय विचारणार. माझे प्रश्न असे की, हा जंतू वाईट असेल तर आईच्या शरीराने त्याला अजून हाकललं का नाही? वाईट नसेल तर मलम कशाला? आणि घरात आम्ही चौघं आहोत, मुलगा तीन वर्षांचा. आमच्याही नाकात बघायला हवं का?

मावशीने 'इम्युनिटी वाढव' म्हणून काढ्याची कृती पाठवली आहे. ती इथे देत नाही.

भोचक_भवानी

तपकीरवाल्या आजोबांना +१. जाणकार येईपर्यंत मी मखाणे घेऊन बसते. नाकात बोट घालणाऱ्यांनी आधीच हात वर करावेत, दुसरा हात.

पेट्रीडिश

भोचकताई, हसू नका. नाक कोरण्याची सवय असणाऱ्यांच्या नाकात स्टॅफ जास्त सापडतो, हे डच संशोधकांनी २००६ साली खरोखर तपासून छापलंय.

माझी बावीस वर्षं जिवाणू वाढवायच्या बशा बघण्यात गेली म्हणून लिहितो. मी मायक्रोबायॉलॉजीवाला, डॉक्टर नाही. औषधाचं त्यांनाच विचारा.

आईंना आधी सांगा की त्या एकट्या नाहीत. धडधाकट दहा माणसांच्या नाकात काडी फिरवली तर दोघातिघांकडे हा गडी सापडतोच. काहींच्या नाकात तो वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो, काहींकडे येऊन-जाऊन. आणि काहींच्या नाकात मुद्दाम सोडला तरी टिकत नाही. अंघोळीचा यात काही दोष नाही.

अ‍ॅबर्डीनचा सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला गोल दाण्यांचे घोस दिसले. ग्रीकमध्ये द्राक्षाच्या घडाला 'स्टाफिली' म्हणतात, तिथून हे नाव. १८८४ मध्ये रोझेनबाखने त्यातल्या सोनेरी वसाहती करणाऱ्याला 'ऑरियस' म्हटलं. रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे बशीतल्या जेलीवर, लोण्याच्या ठिपक्यांसारखा दिसतो, भोवती रक्त विरघळल्याचं कडं. तो सोनेरी रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाकपुडीचा अगदी पुढचा, केसांचा भाग म्हणजे खरं तर त्वचाच. तिचा वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. स्टॅफच्या अंगावर क्लंपिंग फॅक्टर बी नावाचं प्रथिन असतं आणि त्या मेलेल्या पेशींत लोरिक्रिन नावाचं. कुसळं धोतराला चिकटावीत तसं पहिलं दुसऱ्याला चिकटतं. तिथे रक्तवाहिनी नाही, जिवंत पेशी नाही. म्हणजे तुमच्या आईच्या 'आत' तो नाहीच. जुन्या वाड्यात अंगण, ओसरी, मग माजघर असायचं ना, तसा तो ओसरीवर बसलाय. येणारा-जाणारा कोणीही ओसरीवर टेकायचा, घरची माणसं काठी घेऊन धावत नसत. माजघराचा उंबरा ओलांडला की मात्र गोष्ट वेगळी.

मी_सातारकर

वाचतोय. पण एक शंका. ओसरीवर बसलेला चोर आहे की पाव्हणा हे घरच्यांना चेहऱ्यावरून कळतं. शरीराला कसं कळतं? 'चांगले बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया' असं सगळीकडे वाचतो. त्यांच्या अंगावर काही खूण असते का?

रात्रपाळी

मी फिजिशियन. नावाप्रमाणे ड्यूटी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

सातारकर, खूण नसते, मेख तिथेच आहे. आपल्या पेशींवर 'टोल-लाइक' नावाचे रिसेप्टर, म्हणजे पहारेकरी प्रथिनं असतात, जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे, शेपटीचं प्रथिन वगैरे ओळखणारे. याच शोधासाठी होफमान आणि ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. पण ती भिंत, ती शेपटी मुक्कामी जिवाणूंनाही असते आणि रोग करणाऱ्यांनाही. नुसत्या गंधावरून सज्जन-दुर्जन ठरत नाही.

मग शरीर काय बघतं? ठळक गोष्टी दोन. एक म्हणजे हा कुठे सापडला. आतड्याच्या अस्तरात शेपटी ओळखणारा रिसेप्टर पेशीच्या पोकळीकडच्या तोंडावर नसून मागच्या, शरीराकडच्या बाजूला असतो. पोकळीत अब्जावधी जिवाणू वळवळत असले तरी घंटा वाजत नाही. एखादा अस्तर फोडून मागे आला की वाजते. दुसरी गोष्ट, मोडतोड होतेय का. स्टॅफचं अल्फा टॉक्सिन पेशीला अक्षरशः भोक पाडतं. पेशीतून पोटॅशियम गळायला लागलं की पेशीतली यंत्रणा खवळते आणि इंटरल्यूकिन-१ हा सूज आणणारा निरोप सोडते. जिवाणूचा गंध आणि भिंतीला भगदाड, दोन्ही एकदम आले की पोलीस बोलवायचे, असा साधारण कायदा.

केतकी, तुझ्या तीन वर्षांच्या पिल्लावरून आठवलं. अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांच्या पिल्लांवर बघितलं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्वचेवर स्टॅफ एपिडर्मिडिस, म्हणजे ऑरियसचा गरीब चुलतभाऊ, लावला तर पिल्लांचं शरीर त्याला 'घरचा' म्हणायला शिकतं. त्वचेत प्रतिकारशक्तीला शांत करणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जमतात. मोठेपणी पुन्हा त्याची गाठ पडली तर सूज कमी येते. मोठ्या उंदराला पहिल्यांदा लावला तर हे शिक्षण होत नाही. हे २०१५ चं काम. पुढे २०१९ मध्ये त्यांनी हाच प्रयोग ऑरियस घेऊन केला, तेव्हा पिल्लांनी त्याला घरचा मानलं नाही. कारण तेच अल्फा टॉक्सिन. म्हणजे लहानपणीही शरीर आंधळेपणाने सगळ्यांना मिठी मारत नाही. आता हे उंदीर आहेत, माणसाचं बाळ नाही. यावरून बाळाला मातीत लोळवायचे निष्कर्ष काढू नका.

पेट्रीडिश, तुमचा वाडा आवडला, पण ओसरीवर शांतता असते हे पटलं नाही. तिथेही सतत खडाखडी चालू असते.

पेट्रीडिश

मान्य. उपमा लंगडीच होती. ओसरीवर पाणी शिंपडणं चालूच असतं : घामातलं मीठ, जिवाणूंना भोकं पाडणारी छोटी प्रथिनं, नाकाच्या स्रावातल्या अँटिबॉडी आणि लायसोझाइम.

लायसोझाइमवरून राहवत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्याने स्वतःचा शेंबूड बशीवर टाकला आणि आजूबाजूचे जिवाणू विरघळले. ते लायसोझाइम, १९२२ साली छापून आलं. डोळ्यांच्या पाण्यातही तेच असतं. आणि स्टॅफ ऑरियसवर त्याचा काही परिणाम होत नाही! भिंतीतल्या साखरेवर त्याने एक छोटं रासायनिक टोपण बसवलेलं असतं, कात्री तिथे अडते. पुढे १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडून पेनिसिलिन सापडलं, त्या बशीत स्टॅफच वाढत होता. शेंबडाला न जुमानणारा बुरशीने मेला.

निवांत_काका

आमच्या लहानपणी करट झालं की आजी अळशीचं पोटीस बांधायची. पिकलं की फुटायचं, पू निघायचा, संपलं. हा करट करणारा तोच का? आणि मग तो ओसरीवरून माजघरात गेला कसा?

रात्रपाळी

काका, बहुतेक वेळा तोच. केसतूड, करट, रांजणवाडी यांत हाच मुख्य आरोपी. आत जायला त्याला मोठं दार लागत नाही. खाजवलेलं, दाढीचं पातं, केसाच्या मुळाची फट पुरते. नाकातून बोटाला, बोटातून मांडीला, असा त्याचा प्रवास.

आत गेला की पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल येतात. हे पांढऱ्या पेशींतले कमी आयुष्याचे शिपाई. ते जिवाणू गिळतात आणि पोटात ऑक्सिजनपासून बनवलेली जहाल रसायनं सोडतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यातलंच. ही रसायनं ज्या मुलांना जन्मतः बनवता येत नाहीत त्यांच्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. त्यांना स्टॅफची गळवं पुन्हापुन्हा होतात, पार यकृतात. म्हणजे रोज आपल्या नकळत हे शिपाई किती काम करतात ते बघा.

पण स्टॅफ माणसात मुरलेला आहे. त्याची उत्तरं तयार असतात. पेट्रीडिश, तुम्ही लिहा, तुम्हाला त्याचं कौतुक जास्त आहे.

पेट्रीडिश

कौतुक आहेच, बावीस वर्षांचा शेजार आहे.

पेरॉक्साइडला त्याचं उत्तर कॅटलेज. काचेवर स्टॅफ घेऊन वर पेरॉक्साइडचा थेंब टाकला की सोड्यासारखे बुडबुडे येतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हीच परीक्षा शिकवतात. शिवाय तो सोनेरी रंग, म्हणजे स्टॅफायलोझँथिन, गाजराच्या रंगाच्या कुळातला. तोही त्या जहाल रसायनांना शोषतो. रंग बनवण्याचं जनुक काढलेला फिका स्टॅफ न्यूट्रोफिलपुढे लवकर मरतो. शंभराहून जास्त वर्षं आम्ही ज्याला ओळखीची खूण समजत होतो ते चिलखत निघालं.

मग अँटिबॉडी. वाय अक्षराची कल्पना करा. दोन हात जिवाणूला धरतात आणि मागचा दांडा पांढऱ्या पेशीच्या हातात जातो. स्टॅफ काय करतो, प्रोटीन ए नावाच्या हुकाने दांडाच पकडतो. अँटिबॉडी उलटी लटकते आणि पेशीला धरायला काही उरत नाही. गंमत म्हणजे प्रयोगशाळांत अँटिबॉडी गाळून वेगळ्या काढायला आम्ही हेच प्रोटीन ए वापरतो.

वर कोअ‍ॅग्युलेज नावाचं प्रथिन. रक्तातल्या फायब्रिनोजेनची जाळी करून स्वतःभोवती भिंत बांधतो. न्यूट्रोफिल मरताना आपल्याच डीएनएचं जाळं फेकतात आणि जिवाणू अडकवतात, हे २००४ मध्ये बर्लिनच्या गटाला दिसलं. स्टॅफकडे ते जाळं कापायचंही एन्झाइम आहे.

म्हणून करट टणक होतं. मधे पू, म्हणजे मेलेले शिपाई आणि जिवाणू, भोवती भिंत. औषध आत नीट पोचत नाही, म्हणून डॉक्टर चिरा देऊन पू काढतात. आजीच्या पोटिसाच्या शेकाने तोंड पडायला मदत व्हायची, हे खोटं नाही.

रात्रपाळी

एक सूचना मधेच. नाकावरची किंवा वरच्या ओठावरची पुळी पिळू नका. तिथल्या शिरा डोळ्यांमागून मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात. क्वचित होतं, पण झालं तर वाईट. घरच्या मोठ्यांचा 'नाकावरची पुळी फोडू नये' हा दम बरोबर होता.

सडेतोड

सगळं छान. पण मूळ मुद्दा राहिला. ६८ वर्षं त्या बाईंच्या नाकात जंतू होता आणि त्यांना काही झालं नाही. आता ऑपरेशनच्या निमित्ताने काडी, रिपोर्ट, मलम, साबण. बिलात चार ओळी वाढल्या. याला वैद्यकशास्त्र म्हणायचं की दुकानदारी?

रात्रपाळी

दुकानदारी खूप ठिकाणी दिसते, त्यावर वेगळा धागा काढा, मीच पहिला प्रतिसाद देईन. इथे मात्र आकडे आहेत.

जर्मनीत रक्तात स्टॅफ शिरलेल्या रुग्णांच्या नाकातला आणि रक्तातला जिवाणू ताडून पाहिला. २१९ पैकी १८० जणांत दोन्हीकडे तोच वंश. २००१ चा अभ्यास. म्हणजे रोग बाहेरून कोणी आणला नाही, ओसरीवरचाच आत शिरला. मग २०१० मध्ये नेदरलँड्सच्या रुग्णालयांत भरती होणाऱ्यांच्या नाकाची झटपट तपासणी केली आणि वाहकांचे, म्हणजे नाकात स्टॅफ असलेल्यांचे, दोन गट केले. एकाला मुपिरोसिनचं मलम आणि क्लोरहेक्सिडीनचा साबण, दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं. रुग्णालयात स्टॅफचा संसर्ग झाला तो औषधवाल्यांत ३.४ टक्के, दुसऱ्या गटात ७.७ टक्के. पाच दिवसांच्या मलमाला हे वाईट नाही.

आणि गुडघ्यात तर धातू-प्लास्टिक बसणार आहे. १९५७ चा एलेक आणि कोनेन यांचा प्रयोग आहे, आज कोणी परवानगी देणार नाही असा. स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफ टोचले. पू व्हायला लाखांच्या घरात जिवाणू लागले. तेच रेशमाच्या टाक्याबरोबर आत गेले तर काही शेकडे पुरले. एक दोरा! शरीराला त्या दोऱ्यावर पेशी पाठवता येत नाहीत, जिवाणू त्यावर चिकट थर करून बसतात, न्यूट्रोफिल वरून चोची मारून दमतात. दोऱ्याच्या जागी अख्खा कृत्रिम सांधा आहे असं समजा. तिथे संसर्ग झाला तर कधी सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो.

६८ वर्षं काही झालं नाही याचं कारण कातडी शाबूत होती. आता सर्जन स्वतः चीर देणार आहे.

सडेतोड

आकडे मान्य. बिलाबद्दलचं मत कायम.

ट्यूलिपवाडी

नेदरलँड्सचं नाव आलं म्हणून माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी पुण्यात सुट्टीवर असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर इथे वेगळ्याच कारणासाठी भरती व्हायचं होतं. फॉर्मवर प्रश्न : अलीकडे परदेशातल्या रुग्णालयात राहिलात का? जिवंत डुकरांशी संपर्क आहे का? मला वाटलं चुकून शेतकऱ्यांचा फॉर्म दिला. पहिल्याला 'हो' लिहिल्यावर थेट स्वतंत्र खोली, येणारी नर्स गाऊन-मास्कमध्ये, नाक-घसा तपासणीला. रिपोर्ट येईपर्यंत मी अस्पृश्य. खूप अपमान वाटला होता.

नंतर कळलं की इथे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफसाठी, म्हणजे एमआरएसएसाठी, 'शोधा आणि संपवा' असं धोरण बरीच वर्षं आहे. डुकरं पाळणाऱ्यांच्या नाकातही तो बराच सापडतो, म्हणून तो प्रश्न. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि नर्सने कॉफी आणून दिली.

पेट्रीडिश

डचांनी या विषयात नाकं खुपसली आहेत, खऱ्या अर्थाने. त्यांचाच अजून एक अभ्यास सांगतो, तो वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. २००४ चा. सुमारे १४,००० रुग्ण, शस्त्रक्रिया नसलेले, भरती होताना नाक तपासलेलं. रक्तात स्टॅफ शिरण्याचं प्रमाण वाहकांत १.२ टक्के, इतरांत ०.४. तिप्पट, अपेक्षेप्रमाणेच. पण ज्यांच्या रक्तात शिरला त्यातले किती दगावले? वाहक नसलेल्यांतले ३२ टक्के, वाहकांतले ८ टक्के.

म्हणजे ज्याच्या ओसरीवर तो वर्षानुवर्षं बसलेला, त्याच्या घरात तो शिरतो जास्त, पण शिरला तर मारतो कमी.

मी_सातारकर

हे भारी आहे! म्हणजे ओसरीवर बसल्या बसल्या घरच्यांना त्याच्या खोड्या माहीत झाल्या?

रात्रपाळी

तसं वाटतं खरं. वाहकांच्या रक्तात स्टॅफच्या काही विषांविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त सापडतात. पण सावकाश. ज्यांना नाकातून नाही तर दुसरीकडून संसर्ग झाला ते मुळात जास्त आजारी असतील, नळ्या-सुया जास्त असतील, असंही असू शकतं. यावरून 'नाकात स्टॅफ पाळा' असं कोणी लिहिलं तर मी प्रतिसाद उडवायला सांगेन.

आयुष_मान

मलमापेक्षा रोज दोन थेंब तिळाच्या तेलाचं नस्य करा आणि भरपूर ताक-दही खा. दह्यातले चांगले बॅक्टेरिया वाईटांना मारतात. मुळात आपल्या शरीरात पेशींच्या दहापट बॅक्टेरिया आहेत, त्यांच्याशी भांडायचंच कशाला.

पेट्रीडिश

दहापट हा आकडा आता जुना झाला. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी पुन्हा हिशोब मांडला. साधारण ७० किलोच्या पुरुषात ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पावशेरही भरणार नाही.

पण तुमच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे, तो सोडत नाही. मुक्कामी जिवाणू एकमेकांना हाकलतात, हे खरंय. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की माणसाच्या नाकात राहणारा स्टॅफ लुग्डुनेन्सिस स्वतःच एक अँटिबायोटिक बनवतो. नाव लुग्डुनिन. ज्या रुग्णांच्या नाकात तो होता त्यांच्यात ऑरियस सुमारे ६ टक्क्यांत सापडला, नव्हता त्यांच्यात जवळपास ३५ टक्क्यांत. मी वर म्हटलं ना की काहींच्या नाकात ऑरियस टिकतच नाही, त्याची किल्ली कदाचित अशा शेजाऱ्यांपाशी आहे. पण हा दह्यातला जिवाणू नव्हे. दह्यातला पोटात जातो, नाकात नाही. आणि लुग्डुनेन्सिसही संत नाही, हृदयाच्या झडपांवर बसला तर फार वाईट आजार करतो. बघा, पुन्हा तेच. कोण आहे यापेक्षा कुठे आहे.

रात्रपाळी

आणि केतकी, ऑपरेशनच्या आधी नाकात तेल, तूप काहीही घालायचं असेल तर आधी सर्जनना विचार. मलमाच्या दिवसांत तरी नाहीच.

भोचक_भवानी

माझा बाळबोध प्रश्न. एवढं सगळं माहीत आहे तर लस का नाही? आपल्याकडून पोलिओ गेला, देवी गेली, हा नाकातला का राहिला?

रात्रपाळी

बाळबोध नाही, अवघड आहे. देवी एकदा झाली की पुन्हा होत नसे, लसीने तीच नक्कल केली. करट मात्र एकदा होऊन गेलं तरी पुन्हा होतं. जिथे खरा आजारच पक्की प्रतिकारशक्ती देत नाही, तिथे लसीने नक्कल कशाची करायची? आपल्या सगळ्यांच्या रक्तात स्टॅफविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतात, आणि प्रोटीन ए त्यांचं काय करतं ते वर आलंच आहे.

प्रयत्न झालेत. व्ही७१० नावाची लस छातीच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ८,००० रुग्णांत तपासली गेली. २०११ मध्ये चाचणी थांबवली. संसर्ग कमी झाला नाही. उलट लस घेतलेल्यांपैकी ज्यांना स्टॅफ झाला, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. प्रतिकारशक्ती 'वाढवणं' म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणं नव्हे, हे मला तो पेपर वाचून कळलं. केतकी, मावशीला हे सांगू नकोस, वाद होईल.

काकडआरती

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

केतकीवन

सगळ्यांचे आभार. इतकं काही मिळेल वाटलं नव्हतं. आईला आज वाडा, ओसरी, माजघर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओसरीवरच्याला आधी पाणी विचारायचं, मग हाकलायचं." मलम मात्र वेळेवर लावतेय.

आमच्या चौघांच्या नाकाचं काय, तेवढं राहिलं.

रात्रपाळी

कोणाला पुन्हापुन्हा गळवं होत नसतील तर तपासायची गरज नाही. सापडला तरी काय करणार, आणि मलम सगळ्यांनी चोपडत बसलं तर त्यालाही न जुमानणारे स्टॅफ तयार होतात. ऑपरेशननंतर जखमेला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा. मलमाने नाक कायमचं रिकामं होत नाही, हेही माहीत असू दे. कित्येकांत काही आठवड्यांत-महिन्यांत तो परत येतो. आपल्याला तेवढी खिडकीच हवी होती, ऑपरेशनपुरती.

केतकीवन

धागा वर काढतेय, फक्त कळवायला. ऑपरेशन झालं, टाके काढून चार दिवस झाले, जखम कोरडी आहे. आधीची दुसरी काडी निगेटिव्ह आली होती. त्यावर आईचा प्रश्न, "मग आता तिथे कोण राहतंय?"

पेट्रीडिश

एपिडर्मिडिस असेल, कोरायनेबॅक्टेरियम असतील. रिकामं नाक मी अजून पाहिलेलं नाही. गुडघा वाकतोय का?

केतकीवन

नव्वद अंशांपर्यंत. आज वॉकर घेऊन संडासापर्यंत एकटी गेली. नाकाचा विषय संपलाय, सध्या सगळा राग फिजिओथेरपीवाल्या मुलीवर आहे.